मोठ्या आवाजाचा मोह

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



लग्नाच्या मांडवातला एक अनुभव तुम्ही सर्वांनी घेतला असेल. भटजी मंगलाष्टकं म्हणत असतात, पण कर्ण्यातून नुसती खरखर ऐकू येते. कोणीतरी ओरडतं, ‘अरे, आवाज वाढव!’ माईकवाला बटण फिरवतो. आवाज वाढतो, खरखर दुपटीने वाढते आणि शब्द आधीपेक्षाही कळेनासे होतात. दोष आवाजाचा नसतोच मुळी. कुठेतरी एखादी तार सैल असते, नाहीतर माईक आणि अँप्लिफायर यांचं आपसात जमत नसतं. आज मी तुम्हाला अशीच एक गोष्ट सांगणार आहे. ती मांडवातली नाही, अमेरिकेतल्या हमरस्त्यावरची आहे.

मी हौशी बिनतारी संदेशवाला, म्हणजे ज्याला ‘हॅम’ म्हणतात तो. सरकारची परीक्षा देऊन परवाना घेतल्याला चाळीस वर्षं झाली. २०२२ च्या उन्हाळ्यात मी मुलीकडे अमेरिकेत, ओहायो राज्यात राहायला गेलो होतो. तिच्या शेजारचे गृहस्थ लांब पल्ल्याचा ट्रक चालवतात. वय पन्नाशीचं, माणूस दिलखुलास. मी रेडिओतला माणूस आहे हे मुलीकडून कळल्यावर एके दिवशी ते एक खोकं घेऊन दारात उभे राहिले. खोक्यात जुनं, जड, मागच्या बाजूला पितळी जोडण्या असलेलं एक यंत्र होतं. म्हणाले, ‘हे माझ्या सीबीला जोडून द्याल का? दुसऱ्याकडून घेतलंय, पण जुळत कसं नाही तेच समजत नाही.’

सीबी म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. ‘सिटिझन्स बँड’, म्हणजे सामान्य नागरिकांसाठी राखून ठेवलेला लहरींचा पट्टा. अमेरिकेत २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा हा पट्टा १९५८ मध्ये लोकांना खुला झाला. आधी २३ वाहिन्या होत्या, १९७७ पासून त्या ४० झाल्या. १९७३ मध्ये तेलटंचाई आली, डिझेल मिळेना आणि पाठोपाठ देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा लागू झाली. कुठल्या पंपावर डिझेल आहे आणि कुठल्या वळणावर पोलीस उभे आहेत, या दोन गोष्टी ट्रकवाले एकमेकांना या सीबीवरून सांगू लागले. मग त्याचं वेडच पसरलं. त्यावर गाणी आली, सिनेमे आले. घरोघरच्या मोटारींवर लांबलचक अँटेना डोलू लागल्या. आता मोबाइलमुळे ते दिवस गेले, पण तिथल्या ट्रकवाल्यांच्या केबिनमध्ये सीबी अजून दिसतो. पुढे रस्ता बंद आहे, अपघात झालाय, बर्फ साचलंय, हे १९ नंबरच्या वाहिनीवर अजून सांगितलं जातं. ९ नंबरची वाहिनी संकटकाळासाठी राखून ठेवलेली आहे.

या संचाला तिथला कायदा बोलताना ४ वॅट एवढीच शक्ती देतो. शेजाऱ्यांच्या खोक्यातलं यंत्र म्हणजे ती शक्ती वाढवणारा बाहेरचा अँप्लिफायर, त्यावर १०० वॅट असं लिहिलेलं होतं. ट्रकवाल्यांच्या बोलीत त्याला ‘लिनियर’ म्हणतात. तो सीबीला जोडणं अमेरिकेत बेकायदा आहे. तो जवळ सापडला आणि मर्यादेपेक्षा जास्त शक्ती वापरल्याचा दुसरा पुरावा असला, तर तो वापरला जातो असंच धरून चालतात. १९७८ मध्ये तर सीबीच्या पट्ट्यात चालू शकतील असे अँप्लिफायर बनवण्यावर आणि विकण्यावरच तिथल्या सरकारने बंदी आणली होती.

मी हे त्यांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, ‘ठाऊक आहे.’ आणि मग त्यांनी कारण सांगितलं. मागच्या हिवाळ्यात रात्री बर्फात त्यांचा ट्रक घसरून रस्त्याकडेच्या चरात गेला होता. मोबाइलला रेंज नव्हती. सीबीवर त्यांनी दोन तास हाका मारल्या. वरच्या रस्त्याने ट्रक जाताना दिसत होते, पण एकाकडूनही उत्तर आलं नाही. शेवटी बर्फ हटवणारी गाडी आली म्हणून सुटका झाली. ‘माझा आवाज कोणापर्यंत पोहोचला नाही,’ ते म्हणाले, ‘असं पुन्हा होऊ द्यायचं नाही मला.’

श्रोतेहो, अशा माणसाला नाही कसं म्हणायचं? शिवाय खरं सांगतो, माझेही हात शिवशिवत होते. चाळीस वर्षांची विद्या परदेशात दाखवायची संधी आली होती. मुलगी मात्र स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘बाबा, तुम्ही इथे पाहुणे आहात. भलत्या फंदात पडू नका.’

मी शेजाऱ्यांना म्हटलं, ‘जोडून देत नाही. पण हे का जुळत नाही ते समजावून सांगतो. मग तुम्हीच ठरवा.’

संच आणि अँप्लिफायर यांची जुळणी म्हणजे काय? शेतकरी श्रोत्यांना हे लगेच कळेल. विहिरीवर पाच अश्वशक्तीचा पंप बसवला आणि पुढे इंचभराचा पाइप जोडला तर काय होतं? पाणी पुढे जात नाही, दाब मागे येतो आणि मोटर तापते. पंपाला साजेसा पाइप लागतो. बिनतारी संचाचंही असंच आहे. संच, मधली केबल, अँप्लिफायर आणि अँटेना या सगळ्यांचा विद्युतमार्गातला विरोध सारखा असावा लागतो. सीबीमध्ये तो ५० ओहम धरलेला असतो. कुठे तो बदलला की पुढे गेलेल्या शक्तीतला काही भाग आपटून परत येतो. तो मोजायला एक साधं मीटर मिळतं, त्याला एसडब्ल्यूआर मीटर म्हणतात. काटा एकास एक दाखवत असेल तर सगळं पुढे गेलं. दोनास एक असेल तर अकरा टक्के परत आलं. तीनास एक असेल तर पंचवीस टक्के परत आलं.

आता हिशोब बघा. ४ वॅटच्या संचात पाव हिस्सा परत आला तर तो १ वॅट. एवढं संच सोसतो. पण १०० वॅटच्या अँप्लिफायरमध्ये पाव हिस्सा म्हणजे २५ वॅट. ते अँप्लिफायरच्या ट्रान्झिस्टरवर उलटतात आणि ट्रान्झिस्टर जळतो. म्हणजे अँटेनाचा जो दोष एरवी खपून जातो, तोच अँप्लिफायर लावल्यावर महागात पडतो.

दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. सीबीवर बहुतेक बोलणं एएम पद्धतीने चालतं. तुम्ही बटण दाबून गप्प बसलात तरी संच ४ वॅटची लहर सोडत असतो. बोलायला लागलात की तिच्यावर आवाज चढतो आणि मोठ्या शब्दाच्या टोकाला ती शक्ती क्षणभर चौपट, म्हणजे १६ वॅट होते. आता समजा अँप्लिफायर शक्ती दहापट करतो. ४ चे ४० झाले, माणूस खूश. पण १६ चे १६० व्हायला हवेत आणि यंत्राची तर कमाल ताकद १०० ची! मग शंभराच्या वरची सगळी टोकं कापली जातात. आपल्या मांडवातल्या कर्ण्यासारखं. शब्द फाटतात आणि फाटलेल्या आवाजाचे तुकडे शेजारच्या वाहिन्यांवर सांडतात. तिथे दुसरा कोणी मदत मागत असेल, तर त्याचा आवाज आपल्या कचऱ्याखाली दबून जातो. शंभराच्या यंत्रातून आवाज शुद्ध हवा असेल तर नुसती लहर २५ वॅटच्या वर जाता कामा नये. म्हणजे संचाकडून त्याला अडीच वॅटच द्यायला हवेत. थोडक्यात, अँप्लिफायर लावायचा तर आधी संचाचा आवाज कमी करावा लागतो! हे कोणालाही पटत नाही. त्यामुळे बहुतेक जण नेमकं उलटं करतात, संचाची शक्ती आतून वाढवून घेतात.

तिसरी गोष्ट विजेची. १०० वॅट बाहेर काढायला यंत्र सुमारे २५० वॅट खातं, उरलेल्यांची उष्णता होते. गाडीच्या बॅटरीवर याचा अर्थ १८ अँपिअर. शेजाऱ्यांनी तो सिगारेट पेटवायच्या सॉकेटमधून जोडून पाहिला होता. तिथली बारीक तार तेवढा प्रवाह कशी वाहणार? व्होल्टेज पडतं, आवाज आणखी फाटतो आणि तार गरम होते. एवढ्या प्रवाहासाठी जाड तार थेट बॅटरीपासून न्यावी लागते आणि फ्यूज बॅटरीजवळच बसवावा लागतो. नाहीतर तार कुठे घासली गेली तर पेटायला वेळ लागत नाही.

चौथी गोष्ट सांगताना मात्र मला स्वतःचीच कथा सांगावी लागली. कोणतंही प्रक्षेपण करणारं यंत्र मूळ लहरीबरोबर तिच्या दुप्पट, तिप्पट कंपनांच्या लहरीही थोड्याफार सोडतं. चांगल्या यंत्रात त्या गाळून टाकणारी चाळणी असते. शेजाऱ्यांच्या यंत्रात ती नव्हतीच. १९ नंबरच्या वाहिनीची कंपनं २७.१८५ मेगाहर्ट्झ, त्याची दुप्पट ५४.३७. अमेरिकेत दूरचित्रवाणीच्या २ नंबरच्या वाहिनीचा पट्टा ५४ ते ६० चा. म्हणजे इकडे तुम्ही बोललात की तिकडे कोणाच्या तरी पडद्यावरचं चित्र बिघडायचं!

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही, श्रोतेहो. १९८७ साली मी ठाण्यात चाळीत राहत असताना ८०७ नावाच्या व्हॉल्व्हचा एक अँप्लिफायर घरी बनवला होता. शक्ती परवान्यात बसणारी होती, त्यात चूक नव्हती. २१ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर एका रविवारी सकाळी मी जपानच्या एका हॅमला हाक मारत होतो. २१ ची तिप्पट ६३. आमच्याकडे दूरदर्शन यायचं ४ नंबरच्या वाहिनीवर, म्हणजे ६१ ते ६८ मध्ये. आणि १९८७ मधली रविवार सकाळ म्हणजे काय, हे माझ्या वयाच्या श्रोत्यांना सांगायला नको. ‘रामायण’ चालू होतं! पाचच मिनिटांत जिन्यावर पावलं वाजली. सगळ्यांत पुढे समोरच्या खोलीतल्या काकू होत्या. रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, ‘भाऊ, तुम्ही कोणाशी बोलता ते चांगलंच असेल हो. पण आमच्या घरात कशाला बोलता?’

ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही. बिनतारीच्या सगळ्या नियमांचा अर्क त्यात आहे. हवा सगळ्यांची आहे. आपला आवाज आपल्याला दिलेल्या जागेत राहिला पाहिजे. पुढचे दोन आठवडे मी अँप्लिफायर बंद ठेवला, तारांची वेटोळी आणि कपॅसिटर घेऊन चाळणी बांधली आणि काकूंच्या टीव्हीसमोर बसून खात्री करून घेतली. मगच पुन्हा जपानला हाक मारली.

शेजाऱ्यांना ही गोष्ट फार आवडली. खूप हसले. पण मग गंभीर होऊन म्हणाले, ‘ते ठीक आहे. पण माझं काय? पुन्हा चरात पडलो तर?’

प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, ‘चला, ट्रक बघू.’

ट्रकच्या आरशाच्या दांडीवर त्यांची अँटेना बसवलेली होती. २७ मेगाहर्ट्झची तरंगलांबी ११ मीटर. तिच्या पाव भागाची अँटेना म्हणजे जवळपास नऊ फूट. ट्रकवर एवढी उंच काठी सोयीची नसते, म्हणून तारेचं वेटोळं घालून ती चार फुटांत आणतात. पण अँटेनाची ही नुसती अर्धी बाजू झाली. उरलेली अर्धी बाजू म्हणजे गाडीचं लोखंडी अंग. ते दोन्ही मिळून अँटेना पुरी होते. शेजाऱ्यांच्या ट्रकचा दरवाजा फायबरचा. आरशाच्या दांडीचा गाडीच्या सांगाड्याशी संबंध होता तो फक्त गंजलेल्या बिजागरीतून. मी साधं ओहम मीटर लावलं. दांडी आणि सांगाडा यांच्यात शून्याच्या जवळ आकडा यायला हवा. इथे काटा दरवाजा हलवला की नाचत होता. केबलचं टोक उघडलं तर आत पाणी शिरून तांब्याची जाळी हिरवी पडलेली. मग ट्रकवाल्यांच्या दुकानातून शेजाऱ्यांनी एसडब्ल्यूआर मीटर आणलं. काटा तीनच्याही पलीकडे गेला.

तेव्हा मला लख्ख काहीतरी जाणवलं. मी त्यांना विचारलं, ‘त्या रात्री तुमची हाक कोणी ऐकली नाही, हे तुम्हाला कसं कळलं?’

‘उत्तर आलं नाही म्हणून.’

‘उत्तर आलं नाही, की तुम्हाला ऐकू आलं नाही?’

ते माझ्याकडे बघतच राहिले. अँटेना ही काही नुसती बोलण्याची वस्तू नाही, तोच आपला कानही असतो. जी अँटेना शक्ती धड बाहेर सोडत नाही, ती बाहेरची शक्ती धड आतही घेत नाही. त्या रात्री वरून जाणाऱ्या एखाद्याने ‘कुठे आहेस, बाबा?’ असं विचारलंही असेल. आपण बहिरे होऊन ओरडत राहिलो असू. शंभर वॅटचा अँप्लिफायर लावला असता तर हाक दूर गेली असती, पण उत्तर ऐकायला त्याचा काडीचाही उपयोग नव्हता. अँप्लिफायर तोंड मोठं करतो, कान नाही.

आणि हाक तरी किती दूर गेली असती? सपाट जमिनीवर गाडीतून गाडीशी बोलताना अंतर दुप्पट करायचं तर शक्ती साधारण सोळापट करावी लागते. दहापट शक्तीने दोन मैलांचे जेमतेम साडेतीन मैल होतात. संचावरच्या सिग्नलच्या काट्यावर हा फरक दोन घरांचाही नसतो.

दुसरा दिवस आम्ही दोघांनी त्या ट्रकखाली काढला. दांडीपासून सांगाड्यापर्यंत तांब्याची रुंद वेणी टाकली. जिथे टेकवायची तिथला रंग खरवडून काढला. केबल नवी घातली, जोडणीवर पाणी शिरू नये म्हणून टेप गुंडाळली. मग जुळणीची परीक्षा. पहिल्या वाहिनीवर काटा जास्त आणि चाळिसाव्या वाहिनीवर कमी आला तर अँटेना आखूड आहे असं समजायचं. उलट आलं तर ती लांब आहे. आमची थोडी लांब निघाली. टोकाचा स्क्रू जरा जरा आत घेत गेलो आणि शेवटी दोन्ही टोकांना काटा दीडच्या खाली आला. खर्च म्हणाल तर मीटर सोडून एका साध्या जेवणाएवढा.

संध्याकाळी ते ट्रक घेऊन सत्तर नंबरच्या हमरस्त्यावर गेले. मी शेजारी बसलो होतो. पूर्वी ज्या संचातून जवळच्याच गाड्या बोलायच्या, त्यातून आता कितीतरी पुढच्या टप्प्यावरचे आवाज येऊ लागले. त्यांनी नेहमीच्या ४ वॅटवर हाक दिली. लगेच उत्तर आलं. समोरच्या दिशेने पाचेक मैलांवरून येणारा एक ट्रकवाला होता. म्हणाला, ‘आवाज अगदी स्वच्छ आहे. नवा संच घेतलास की काय?’ शेजाऱ्यांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले आणि म्हणाले, ‘नाही, जुनाच आहे. कान साफ केले.’

अँप्लिफायरचं पुढे काय झालं, असं तुम्ही विचाराल. तो त्यांच्या गॅरेजमध्ये फळीवर पडून आहे. मी भारतात परतल्यावर त्या हिवाळ्यात त्यांचा फोन आला होता. दाट बर्फात १९ नंबरच्या वाहिनीवर कोणीतरी क्षीण आवाजात सांगत होतं, की पुढे गाड्या एकमेकांवर आदळून अडकल्यात. आपण वेळीच वेग कमी केला, असं ते म्हणाले. ‘मागच्या वर्षी तो आवाज मला ऐकूच आला नसता,’ ते म्हणाले. बोलले ते एवढंच.

आपल्याकडेही २७ मेगाहर्ट्झचा हा पट्टा २००५ च्या नियमांनी कमी शक्तीच्या, ५ वॅटपर्यंतच्या संचांना विनापरवाना खुला आहे. कोणी असे संच वापरत असेल तर त्याला माझं सांगणं एवढंच, की ती मर्यादा ओलांडायच्या फंदात पडू नका. ज्याला जास्त शक्तीचा आणि लांबच्या संपर्काचा शौक असेल त्याने हॅमची परीक्षा द्यावी. अभ्यास फार कठीण नाही. परवाना मिळतो, मोठी शक्ती वापरता येते आणि ती कशी आवरायची हेही शिकायला मिळतं.

आपलं कोणी ऐकत नाही असं वाटलं, की आवाज चढवावा ही माणसाची पहिली इच्छा असते. रेडिओने मला एवढं शिकवलं, की त्या वेळी आधी आपला कान तपासावा, सैल जोडण्या घट्ट कराव्या आणि गंज खरवडून काढावा. एवढं केल्यावर बहुधा चार वॅट पुरतात.